युरोपात गाडी हुकली किंवा एकजण मागे राहिला, तर काय करायचं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मे महिन्यात दोघंच पॅरिस, बाझल, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस असं गाडीनं फिरताना कनेक्शन हुकलं तर काय, आणि दोघांपैकी एकच गाडीत चढला तर काय. दुसरी आधी घेऊ या. कनेक्शन हुकतं तेव्हा बऱ्याचदा रेल्वे जबाबदार असते. एकमेकांपासून ताटातूट झाली तर सगळं तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागतं.

बहुतेक जोडप्यांत एकजण आपोआप व्यवस्थापक होतो. दोघांची तिकिटं, दोघांचे पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड आणि इंटरनेट, सगळं त्याच्याच खिशात. दार बंद झालं की दुसऱ्याच्या हातात फक्त बॅग उरते. म्हणून दोघांच्या फोनवर दोघांचीही तिकिटं पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. दोघांकडे वेगळं ई-सिम हवं, एकाच्या हॉटस्पॉटवर दुसऱ्यानं विसंबू नये. मूळ पासपोर्ट ज्याचा त्याच्याच अंगावर. सीमा ओलांडताना पोलीस कधीकधी डब्यात येऊन तपासतात. कार्डंही दोन, वेगवेगळ्या खात्यांची, प्रत्येकात अचानक तिकीट काढता येईल इतकी, निदान दोनशे युरोंची सोय. आपल्या बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा आणि भारतीय सिमचं रोमिंग बंद करू नका. स्टेशनवर उभं राहून ऑनलाइन तिकीट काढताना ओटीपी मुंबईच्या नंबरवरच येतो, आणि तो आला नाही तर पैसे असूनही तिकीट निघत नाही.

ताटातूट जवळजवळ नेहमी सामानापायी होते. एकजण वर चढतो, दुसरा खालून बॅगा देतो आणि तेवढ्यात दार लागतं. आपल्याला सुटत्या लोकलला लटकायची सवय असते. तिथे गार्ड कोणासाठी थांबत नाही आणि लागलेलं दार उघडत नाही. फ्रान्समध्ये टीजीव्ही या वेगवान गाड्यांची दारं सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच बंद होतात. नियम साधा ठेवा: जी बॅग स्वतःला तीन पायऱ्या चढवता येत नाही ती न्यायचीच नाही. उतरायच्या पाच मिनिटं आधी दोघांनी एकाच दाराशी उभं राहायचं. दार आपोआप उघडेल असं गृहीत धरू नका, बहुतेक गाड्यांत बटण दाबावं लागतं.

तरीही झालंच, तर भेटीची जागा आधीपासून ठरलेली हवी: दोघांना जिथे उतरायचं होतं तेच स्टेशन, माहिती कक्षासमोर. पुढे गेलेल्यानं तिथे उतरून थांबायचं, मागे राहिलेल्यानं पुढच्या गाडीनं तिथेच यायचं. उतरताना एकजण आतच अडकला तर त्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं, उतरलेल्यानं हलायचं नाही. दोघं एकमेकांना शोधत उलटसुलट गाड्या पकडायला लागले तर दिवस जातो. साखळी ओढू नका, दंड होतो. तिकिटाच्या पुढे वाहून गेलात तर कंडक्टर येण्याची वाट न पाहता आपण होऊन त्याला गाठा. आधी सांगणाऱ्याला बहुतेक वेळा समजून घेतलं जातं, पकडला गेलेल्याला नाही. मागे राहिलेल्याचं तिकीट त्याच गाडीपुरतं असेल तर ते गेलं असं समजा, आणि पुढच्या गाडीत बसण्याआधी खिडकीवर विचारा.

तुमच्या मार्गावर दोन ठिकाणं विशेष सांभाळा. श्पीट्स स्टेशनवर बर्नहून येणाऱ्या काही प्रादेशिक गाड्यांचे दोन तुकडे होतात, एक ब्रिगकडे जातो, दुसरा त्स्वाइझिमेनकडे. कल्याणला कसारा आणि कर्जतचे रस्ते फुटतात तसंच, फक्त इथे एकच गाडी मधोमध तुटते. डब्याच्या बाजूला आणि आतल्या पडद्यावर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी तेच वाचून बसा. दुसरं व्हेनिस, तिथे दोन स्टेशनं: मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं, सांता लुचिया हे पाण्यातल्या शहरातलं. चुकून मेस्त्रेला उतरलात तर घाबरू नका, सांता लुचिया गाडीनं साधारण दहा मिनिटांच्या अंतरावर आहे आणि प्रादेशिक गाड्या भरपूर आहेत. पॅरिसमध्ये मात्र स्टेशन चुकलं तर गाडी गेलीच. स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द ल्यों इथून सुटतात, गार दु नॉरहून नाही.

आता उशीर. ॲप सहा-आठ मिनिटांचं कनेक्शनही सुचवतं. दोन मोठ्या बॅगा असताना ते घेऊ नका, शोधतानाच बदलीचा वेळ तीस मिनिटांवर नेऊन ठेवा. त्याहून महत्त्वाचं, तिकीट एका व्यवहारात काढा. युरोपीय संघाच्या ७ जून २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार रेल्वे कंपनीकडून एकाच व्यवहारात घेतलेला जोडप्रवास, वेगळं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर, एकच तिकीट धरला जातो. मग पहिली गाडी उशिरा आल्यानं दुसरी हुकली तर पुढे पोहोचवणं त्यांचं काम. स्वस्त पडतात म्हणून तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांना हे संरक्षण नाही. त्यांच्यासाठी काही कंपन्यांमध्ये एजेसी नावाचा (हुकलेला प्रवास पुढे चालू ठेवू देण्याचा) करार आहे, त्याखाली पुढच्या गाडीत बसू देतात. पण त्यासाठी उशीर करणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडून तिकिटावर किंवा ॲपवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीतून उतरण्याआधीच मागा.

साठ मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की निवड तुमची: पैसे परत, किंवा पुढच्या गाडीनं जाणं. पर्यायी गाडी काय हे रेल्वेनं शंभर मिनिटांत कळवलं नाही, तर दुसऱ्या गाडीचं किंवा बसचं तिकीट स्वतः काढून आवश्यक आणि वाजवी खर्च मागता येतो. टॅक्सी यात धरू नका. शेवटची गाडी हुकून रात्र काढावी लागली तर हॉटेलची सोयही शक्य तिथे त्यांनीच करायची असते. आधी खिडकीवर मागा. कोणीच नसेल तर साधं हॉटेल घ्या, पावती जपा आणि बंद खिडकीचा वेळेसकट फोटो काढा.

जर्मनीतून गेलात तर तिथली सवलतीची तिकिटं एका गाडीला बांधलेली असतात, पण पोहोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं. आरक्षित जागा मात्र जाते, उभं राहायची तयारी ठेवा. इटलीत संपाची तारीख आधी जाहीर होते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. व्हेनिसचा दिवस संपात सापडला तर प्रवास त्या वेळांत बसवा.

भरपाई अशी: ६० ते ११९ मिनिटांना भाड्याच्या २५ टक्के, १२० पासून ५० टक्के. स्वित्झर्लंड संघात नाही, तरी आकडे तिथेही हेच आहेत. अतिवृष्टीसारख्या कारणांनी उशीर झाला तर ही भरपाई मिळत नाही, मात्र परतावा किंवा पुढे पोहोचवण्याचा हक्क राहतो. दावा तीन महिन्यांच्या आत करा आणि उशीर दाखवणाऱ्या फलकाचा फोटो जोडा. कूपन देऊ केलं तरी रोख मागायचा हक्क तुम्हाला आहे. अर्जात आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा बँक खातेक्रमांक, मागतात आणि आपल्या बँक खात्यांना तो नसतो. अशा वेळी शेऱ्याच्या रकान्यात खातेक्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड लिहून द्या.