खिडकीला काय दिसतं ते आधी बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

आजीचा फोटो काढायचाय, त्यासाठी सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी डबा, कुठला घेऊ म्हणून विचारलंस. सध्या कुठलाच घेऊ नकोस. ऐरोलीच्या तुमच्या वन बीएचकेत तो उभा करायचा तर आधी सोफा जिन्यात न्यावा लागेल. आणि हॉलला एवढी ऐसपैस खिडकी असताना तिच्याहून लहान डबा पैसे मोजून आणायचा, हे काही मला पटत नाही. लग्नाची कामं यायला लागली की फ्लॅशशिवाय चालणार नाही, तेव्हा बघू. पण चेहरा शिकायचा तर खिडकीवर शीक.

एक सवय मात्र आत्ताच लावून घे. ज्याचा फोटो काढायचा त्याला बसवण्याआधी त्या खुर्चीत आपण बसायचं आणि बाहेर बघायचं. तिथून जे दिसतं तो तुझा लाइट. आकाश दिसलं तर आकाशाचा, समोरची भिंत दिसली तर भिंतीचा. लोक खिडकी किती मोठी ते बघतात. त्या खिडकीला काय दिसतं हे कोणी बघत नाही.

आमच्या ठाण्यात, नौपाड्याला, हे सध्या पदोपदी कळतं. जुन्या इमारती पाडून टॉवर चढतायत, आणि प्रत्येक बांधकामाभोवती ती हिरवी जाळी. जाळीवर ऊन पडलं की समोरच्या घरात खिडकीशी बसलेल्या माणसाच्या गालावर हिरवट झाक येते. डोळ्यांना ती जाणवत नाही, डोळे सरावतात. कॅमेरा सरावत नाही. पावसाळ्यात शेजारच्या गच्चीवर निळी ताडपत्री चढली की तोच प्रकार निळ्या रंगात. कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंग दुरुस्त करायच्या सेटिंगने, ती झाक काढू म्हणशील, तर खिडकीकडचा गाल हिरवा आणि आतल्या बाजूचा बल्बमुळे पिवळा. एक सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून आधी घरातले सगळे दिवे बंद कर, ट्यूब तर नक्कीच. मग खुर्ची हाताएवढी सरकव, थोडी वळव, आणि जाळी दिसेनाशी होऊन आकाशाचा तुकडा दिसतो का बघ. पांढरा पडदा लावून रंग जात नाही, नुसता पसरतो.

मजल्याचंही तसंच. तळमजल्यावर दोन इमारतींच्या फटीत राहणाऱ्याला आकाश दिसतं ते मान वर केल्यावर. उजेड वरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तिथे माणसाला खिडकीजवळ घे आणि हनुवटी किंचित उचलायला सांग. घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावर उलटी गत. आकाश क्षितिजापर्यंत उघडं, उजेड समोरून आडवा येतो आणि चेहरा सपाट दिसतो. तिथे माणसाला जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसव, म्हणजे खिडकी डोळ्यांच्या वर जाईल. तेवढ्यानेही भागलं नाही तर काचेचा खालचा भाग काळ्या कार्डशीटने झाक.

आता तुमची खिडकी. ती पश्चिमेची, खाडीकडची. तुमच्याकडे डोंगर पूर्वेला, पारसिकचा; आमच्या ठाण्यात येऊर पश्चिमेला, त्यामुळे वर्तकनगरला ऊन लवकर सरतं आणि तुमच्याकडे पार संध्याकाळपर्यंत घरात घुसतं. तेव्हा सकाळी काम कर. त्या वेळी सूर्य इमारतीच्या मागे असतो, खिडकीत थेट ऊन नसतं. एक मात्र विसरू नकोस: समोरच्या इमारतीवर तेव्हा सूर्य पडलेला असतो आणि ती अख्खी भिंत रिफ्लेक्टरचं काम करते. भिंत पांढरी असेल तर तुझं नशीब. पीच रंगाची असेल तर आजी पीच रंगाची.

उत्तरेची खिडकी उत्तम, असं तू कुठेही वाचशील. युरोपातल्या चित्रकारांचा हा नियम, आणि त्यांच्या अक्षांशावर तो बरोबरच आहे. आपण साधारण 19 अंश उत्तरेला. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन येतं. उलट डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा भर दुपारी खोलीत येतो. म्हणून दिशा पाठ करू नकोस, महिना बघ. थेट ऊन आलंच तर जुनं पांढरं धोतर खिडकीवर ताण; मग चेहऱ्याला दिसतं ते धोतर, आणि तोच तुझा लाइट झाला.

ग्रिलला घाबरू नकोस. उन्हात तिच्या सळ्यांच्या सावल्या चेहऱ्यावर पडतात, आकाशाच्या उजेडात त्या विरून जातात. मात्र जवळून क्लोजअप घेशील तर डोळ्यातल्या चकाकीत सळ्या दिसतात. एकदा फोटो मोठा करून बघच. काच रंगीत असेल तर सरकवून ठेव, मच्छरजाळीही.

अंतराबाबत एवढंच: खिडकीपासून दोन-तीन हातांवर बसवलंस तर एक गाल उजळ, दुसरा अंधारात, मागची भिंत काळोखात; कपडे वाळत घातलेली दोरीसुद्धा दिसत नाही, हा त्यातला फायदा. जसजशी आत जाशील तसतशी खिडकी लहान होत जाते आणि भिंतींचा उजेड मिसळून चेहरा मिळमिळीत होतो. अंधारा गाल फारच काळा वाटला तर त्या बाजूला थर्मोकोलची पांढरी शीट उभी कर.

कॅमेऱ्याचं फार लिहीत नाही. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं माप, उजळ गालावर घे, फोकस जवळच्या डोळ्यावर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 800 झाला, 1600 झाला तरी चालेल. शटर 1/125 सेकंदाहून संथ करू नकोस, म्हातारी माणसं सुद्धा हलतात. सावळ्या माणसाला कॅमेरा ऑटोवर उगाच गोरा करतो, विशेषतः मागे काळोख असला की. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढ. गिऱ्हाईक गोरं कर म्हणालं तर काय करायचं ते तुझं तू ठरव, माझं मत तुला ठाऊक आहे. फोनवर काढत असशील तर मागे सरक आणि टू एक्स झूम वापर, नाहीतर नाक मोठं होतं.

आजीचं म्हणालीस. बाजूच्या उजेडात सुरकुती न सुरकुती उठून दिसते. हल्ली सगळ्यांना म्हाताऱ्यांचे असेच फोटो काढायचे असतात, ब्लॅक अँड व्हाइट करून. आजीला ते हवंय का, हे कुणी विचारत नाही. तू विचार. नको म्हणाली तर तिला खिडकीकडे तोंड करून बसव, स्वतः खिडकीला पाठ टेकून एका कडेला उभी राहा. तुझीच सावली पडणार नाही एवढं बघ.

या रविवारी सकाळी काढ. तिचा चष्मा असू दे, काचेत खिडकी चमकली तर चष्म्याच्या काड्या कानांवर जरा उचल, काचा खाली झुकतात. थर्मोकोल ठेवून आणि न ठेवता, दोन्ही पाठव. एडिट करून पाठवू नकोस.

तुझा,
काका