व्हाइट रिम एका दिवसात सायकलने, सोबतीला गाडी नाही: पाणी किती न्यावे?

एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये जात असाल तर निघतानाच किमान ८ लिटर घ्या. अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातली ही वाट सुमारे १६० किमीची आहे आणि तिच्यावर पिण्याचे पाणी कुठेच मिळत नाही. ३ लिटर पाठीवर, बाकीचे फ्रेमवर अगदी खाली बांधा. सगळे पाठीवर घेतले तर मर्फी हॉगबॅकच्या चढावर कंबर धरते. पश्चिमेकडे ग्रीन नदी जवळ येते, पण तिच्यावर भिस्त नको. पाणी इतके गढूळ असते की फिल्टर बघता बघता तुंबतो. नाइलाजच झाला तर पिशवीत भरलेल्या पाण्यात तुरटीचा खडा फिरवा, गाळ बसू द्या आणि वरचे निवळ पाणी तेवढे फिल्टरमधून काढा. शेफर या घाटरस्त्याने उतरून घड्याळाच्या दिशेने गेलात, तर शेवटी लागणाऱ्या मिनरल बॉटमच्या वळणावळणाच्या चढासाठी दीड लिटर राखून ठेवाच. तो चढ संपल्यावरही पठारावर २० किमी कच्चा रस्ता उरतो. जून ते ऑगस्टमध्ये मात्र हे गणित चालत नाही, तेव्हा एका दिवसाचा बेत करूच नका. आणि हो, एका दिवसासाठीही सायकलला परवाना लागतो.