उत्तर: नीलमची अंगठी घेताना आणि घासताना

ताई, तुम्ही विचारलंय की सव्वापाच रत्तीचा नीलम सराफ कट्ट्यावर घ्यायचा आहे, आणि नंतर लिंबू-मिठानं उजळला तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे. खडा काच भरलेला निघाला, तर लिंबू त्याला खातं.

नीलम म्हणजे कुरुंद, कठीणपणा 10 पैकी 9. नुसता तापवून रंग खुलवलेला खडा टिकाऊ असतो, त्यात कमीपणा नाही. फक्त न तापवलेल्याच्या भावात घेऊ नका. धोका आहे तो भेगांमध्ये शिसे-काच भरलेल्या स्वस्त खड्यांचा. 10 पट भिंगाखाली ते हलवून बघा. भेगेत बुडबुडे किंवा निळसर-जांभळी झाक चमकली, तर बाजूला ठेवा. मोठी रक्कम असेल तर प्रयोगशाळेचा दाखला घ्या आणि त्यातला 'ट्रीटमेंट'चा रकाना आधी वाचा.

वजन कॅरेटमध्ये लिहून मागा, कारण रत्तीचं माप सगळीकडे एक नसतं. 182 मिलिग्रॅमच्या रत्तीनं सव्वापाच म्हणजे साधारण 4.78 कॅरेट. रंग दुकानातल्या दिव्याखाली नव्हे, दाराशी सावलीत पाहा. मधोमध फिका पडून खालचं बोट दिसत असेल, तर खडा उथळ कापलाय.

रोजच्या वापराला खालून उघडं कोंदण घ्या, म्हणजे आतून घासता येतं. तरी ज्वारीचं पीठ मळताना अंगठी काढाच. ते खड्याच्या पोटाखाली घट्ट बसतं, तेलाचा थर त्यावर चढतो आणि चांगला खडा मेल्यासारखा दिसतो. लोकांना वाटतं, रंग उडाला!

धुवायचं असं: वाटीत कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, 15 मिनिटं भिजवा. मऊ ब्रशनं खालच्या बाजूनं घासा, स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच पुसा. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं. बेसिनवर धुऊ नका. काच भरलेल्याला फक्त ओलं फडकं, आणि अल्ट्रासोनिक मशीन अजिबात नको. अंगठी काळी पडली तर ती चांदी काळवंडलेली असते, खडा नव्हे.

कानाजवळ नेऊन टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली तर पकड सैल झालीये, त्या दिवसापासून घालू नका. मोत्यांच्या शेजारी ठेवू नका, मोत्यांवर ओरखडे पडतात.

आणि अंगठी लहान-मोठी करायला द्याल तेव्हा खडा काढून घ्यायला सांगा. डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, वापरलेला टाकणखार तापलेल्या नीलमच्या पृष्ठभागाला कुरतडतो, मग पुन्हा पॉलिश केल्याशिवाय तो उजळत नाही.