लेबलचा चिकटा जाता जात नाही

प्रश्न : बाटलीवरचं लेबल भिजवून काढलं, पण चिकटा तसाच आहे. नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का?

उत्तर : बाटली काचेची असेल तर खुशाल. पण प्लॅस्टिकची असेल तर हात आवरा! रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि ते काही प्लॅस्टिकंही विरघळवतं. मी एकदा थर्माकोलवर ते सांडलं. चुर्रर्र आवाज करत ठोकळ्यात खड्डाच पडला आणि तळाशी लिबलिबीत गोळा उरला. (थर्माकोल म्हणजे बहुतांशी हवाच, म्हणून एवढासा.) चिकट्याला पाणी मानवत नाही, तेल मानवतं. थोडं तेल चोळा, १५ मिनिटं थांबा, बोटाने वळ्या काढा, मग साबणाने धुवा. अ‍ॅसिटोनच वापरणार असाल तर खिडकी उघडा, गॅस बंद ठेवा. ते ५६ अंशांनाच उकळतं आणि त्याची वाफ झटकन पेटते.