कोणते बड्स घेऊ, डॉक्टर?

दवाखान्यात आणि पत्रांतही गेले काही महिने कानात घालायच्या बिनवायरच्या बड्सचा एकच गोंधळ येतोय, म्हणून चार प्रश्न एकदम घेतो.

रोज भुसावळ-जळगाव रेल्वेने अप-डाउन करतो. दोन बड्स बघून ठेवलेत. एक पंधराशेचा, रबर नसलेला, '13 मिमी ड्रायव्हर (आतला स्पीकर), 50 तास प्लेबॅक'. दुसरा अडीच हजारांचा, सिलिकॉनच्या टोप्या, एएनसी (बाहेरचा आवाज कापायची सोय), पण ड्रायव्हर 10 मिमीचाच. कोणता घेऊ?

दुसरा घ्या. 13 मिमी म्हणजे आवाज चांगला, असं काही नसतं. ते 50 तासही डबीतलं चार्जिंग धरून. बड एका दमात किती चालतो हे खाली बारीक अक्षरात असतं, ते वाचा.

खरा प्रश्न रेल्वेच्या डब्याचा आहे. उघडा बड घातला की चाकांचा खडखडाट सरळ कानात येतो आणि गाणं त्याच्या वर चढवायला तुम्ही आवाज वाढवत जाता. वाढवलेला कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास, कारण दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की मेल्या. केळीचा पिलबाग नाही तो, पुन्हा फुटायला.

टोपी नीट बसली की बाहेरचा आवाज अडतो, एएनसी गाडीची घरघर कापते (शेजारच्यांच्या गप्पा तितक्या नाही), मग कमी आवाजात भागतं. खोक्यात तीन मापांच्या टोप्या येतात. बहुतेक जण लावून आलेलीच ठेवतात. घालून बघा, दोन्ही कानांचं माप वेगळंही निघतं. रूळ ओलांडताना आणि स्कूटीवर मात्र बड्स खिशात. कानात आधीच शिट्टी वाजत असेल तर पहिले अडीच हजार राहू द्या, आधी श्रवण तपासणी करून घ्या.

ब्लूटूथने मेंदूचा कॅन्सर होतो का? ग्रुपवर आलं होतं.

तसा पुरावा नाही. ब्लूटूथची शक्ती मोबाइलपेक्षा कितीतरी कमी असते.

डाव्या बडचा आवाज बसलाय. दुकानदार म्हणतो, जोडीच बदला.

परवा चोपड्याच्या एका मुलाचा असाच बड मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जाळी मळाने लिंपलेली. कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झाडली आणि आवाज आला. पाणी, सुई लावू नका. बड उजव्या कानात धरून बघा. तिथे नीट वाजला तर दोष कानाचा, आणि त्यासाठी दुकानदार नको, डॉक्टर हवा.

बड्स घालून झोपलो, उठलो तर उजव्या कानाला दडा. चार दिवस झाले. लसणाचं कोमट तेल टाकतोय. (शहादा)

तेल आधी बंद करा. मळ असेलही. पण एका कानाला अचानक कमी ऐकू येणं नसेचं असू शकतं आणि त्याचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग. दोन आठवडे उलटले की आशा कमी होत जाते. बघितल्याशिवाय मी काय, कोणीच सांगू शकत नाही. नंदुरबार, धुळे, जिथे कानाचा डॉक्टर आज भेटेल तिथे जा. पत्रातल्या नंबरवर दोनदा फोन केला होता, तुम्ही उचलला नाही.