कारखाना लोकांना आत येऊन पाहता यावा, अशी इमारत कशी आखावी?

पाहुण्यांचा रस्ता पहिल्याच नकाशात आखा. यंत्रं बसल्यावर गॅलरी काढायला गेलात की कुठे पाइप आडवा येतो, कुठे क्रेन, आणि लोकांच्या वाट्याला रिसेप्शन आणि माहितीचे चार बोर्ड एवढंच उरतं.

कोपनहेगनचा अमागर बक्के जरूर अभ्यासा. कचरा जाळून वीज आणि घरं उबदार ठेवायला उष्णता पुरवणारा हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, छतावरचा स्कीइंगचा उतार २०१९ मध्ये. मला सर्वांत भावली ती मांडणी: आतली यंत्रं उंचीच्या क्रमाने लावली, म्हणून छताला उतार आपसूक मिळाला. त्याच छतावर झाडं आणि पायवाट, बाहेरच्या भिंतीवर ८५ मीटर उंच क्लाइंबिंग वॉल. वर जाताना लिफ्टच्या काचेतून प्लँटचं काम दिसतं. लोक फिरायला म्हणून येतात आणि शहराचा कचरा कुठे जातो ते पाहून जातात!

तेवढं बजेट नसेल तरी ट्रकचं आणि पाहुण्यांचं गेट वेगळं ठेवाच. गॅलरी वरच्या पातळीवर, काचेआड. आपत्कालीन जिना थेट बाहेर उतरणारा. आणि गॅलरीतून कामगारांच्या जेवणाच्या जागेवर नजर पडू देऊ नका, तेवढा आडोसा त्यांना हवाच.