उसाचं पाचट लागल्यावर बुबुळावर पांढरा ठिपका आलाय, ही बुरशी असू शकते का?

तुम्ही लिहिलंय की ऊस तोडताना वडिलांच्या डोळ्याला पाचट लागलं, आठ दिवस मेडिकलमधले थेंब घातले, लाली उतरली, पण बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि तो वाढतोय. हो, ही बुरशी असू शकते. या वर्णनावरून माझी पहिली शंका तीच आहे. उद्यावर टाकू नका, आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि थेंबांची बाटली खोक्यासकट सोबत घ्या.

त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादं नाव आहे का, ते आधी पाहा. असेल तर ते स्टेरॉइड आहे. ‘डोळा लाल झालाय’ एवढं सांगून मिळणाऱ्या थेंबांत बऱ्याचदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असतात. स्टेरॉइडने लाली आणि ठणका कमी होतो, कारण ते शरीराचा प्रतिकारच दाबतं. बुरशीला मग रान मोकळं मिळतं. लाली उतरूनही ठिपका वाढण्याचं हे नेहमीचं कारण आहे. डॉक्टर पाहेपर्यंत ते थेंब बंद ठेवा. मध, तूप, दूध काहीही घालू नका.

पाचट, भाताची लोंबी, ज्वारीचं धाट, माती या सगळ्यांवर फ्युजेरियम आणि अस्परजिलस या बुरश्या असतातच. बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा पातळ थर शाबूत असेल तर त्या आत शिरत नाहीत. ओरखडा पडला की बीजाणू तिथे रुजतात आणि बुरशीचे तंतू खोल जातात. बुबुळ मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे प्रतिकारही उशिरा पोचतो. जिवाणूंची जखम एक-दोन दिवसांत भडकते. बुरशीची मात्र बऱ्याचदा आठवडाभर हळूहळू पसरते आणि दिसते त्या मानाने दुखत नाही, म्हणून लोक थांबून राहतात. ठिपक्याची कड पिसासारखी विस्कटलेली, शेजारी बारीक वेगळे ठिपके, बुबुळामागे खाली साचलेला पांढरा पू, ही लक्षणं बुरशीकडे बोट दाखवतात. तरी नुसत्या दिसण्यावरून निदान पक्कं होत नाही.

त्यासाठी जखम खरवडून नमुना घ्यावा लागतो. बधिर करणारा थेंब घालून ब्लेडने कडेचा आणि तळाचा भाग खरवडतात. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की पेशी विरघळतात आणि तंतू सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत दिसतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून ओळखायला, मात्र दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. नमुना न घेता फक्त औषध बदलून दिलं जात असेल तर ‘खरवडून तपासता का?’ असं स्पष्ट विचारा. ही सोय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि मोठ्या नेत्र रुग्णालयांत असते. रक्तातली साखरही तपासून घ्या.

तंतू दिसले तर पहिलं औषध म्हणजे नॅटामायसिन ५ टक्के. दक्षिण भारतात ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. सुरुवातीला दर तासाला एक थेंब, नंतर डॉक्टर सांगतील तसं कमी. बहुतेकांचं इथेच बिघडतं. औषध तळाशी बसतं, त्यामुळे दर वेळी बाटली हलवायलाच हवी, नाहीतर वरचं पाणीच डोळ्यात जातं. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा. औषधाचा पांढरा साका जखमेवर आणि पापणीखाली जमतो. तो पाहून ‘वाढलं’ म्हणत घाबरू नका आणि पुसायलाही जाऊ नका. बाटली उन्हात ठेवू नका. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब देतात. त्यांनी धूसर दिसतं, पण ठणका कमी होतो, म्हणून ते सोडू नका.

बरं वाटलं म्हणून पाच-सहा दिवसांत औषध थांबवलं की रोग उलटतो. हा उपचार काही आठवड्यांचा असतो. शिवाय नॅटामायसिन खोलवर पोचत नाही, म्हणून खोल जखमेत व्होरिकोनॅझोलची जोड देतात, कधी थेट बुबुळात इंजेक्शनने. नियमित औषध घालूनही आठवड्यात काहीच फरक नसेल तर पिथियमची शंका घ्यावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ते बुरशीसारखं दिसतं, पण बुरशी नव्हे. त्याला लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक लागतात. हा मुद्दा तुम्ही स्वतः डॉक्टरांपुढे काढलात तरी चालेल.

बुबुळ पातळ होऊन फुटायला आलं तर नेत्ररोपण करून, म्हणजे दान मिळालेलं बुबुळ बसवून, डोळा वाचवावा लागतो. जखम भरल्यावरही फूल, म्हणजे पांढरा डाग, राहतं. ते बाहुलीसमोर असेल तर नजर कमी होते, आणि त्यावरच्या उपायाचा विचार डोळा पूर्ण शांत झाल्यावर, काही महिन्यांनी करतात.

घरातले बाकीचे अजून तोडणीला जात असतील, म्हणून एवढं त्यांनाही सांगा. डोळ्याला काही लागलं की चोळायचं नाही, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचा, पट्टी बांधायची नाही. रुतलेलं कुसळ सुईने किंवा जिभेने काढू द्यायचं नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवायचं. नेपाळमधल्या भक्तपूरच्या पाहणीत (प्रसिद्धी २००१) ओरखडा पडलेल्यांना १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं होतं. १८ तासांच्या आत ज्यांचं मलम सुरू झालं, त्यांच्यापैकी एकालाही अल्सर (बुबुळावरची चिघळलेली जखम) झाला नाही. हे मलम बुबुळावर ठिपका दिसण्याआधी उपयोगाचं आहे, तुमच्या वडिलांना आता ते पुरणार नाही.